धोंडुबाईंचं पान

बोलका मुलूख प्रतिष्ठानचे अध्यक्ष आदरणीय नानासो, ज्यांच्या निरोपासाठी आपण आज आष्ट्याच्या या सभागृहात भर दुपारी जमलो आहोत ते आपले सयाजीराव थोरात, त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि इतक्या मोठ्या हारामुळे जरा अवघडलेल्या शालूवहिनी, जतहून तीन तासांचा प्रवास करून आलेली सृष्टी, शिरवळहून रजा काढून आलेले मल्हार, उद्यापासून सयाजीरावांच्या खुर्चीवर बसणारी आमची रेश्मा, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

मी राजेश्वरी. आपल्या संकेतस्थळावर जो मजकूर दिसतो तो तपासून चढवणं हे माझं काम. सयाजीरावांबरोबर मी चौदा वर्षं एका खोलीत बसले. त्यांचं टेबल खिडकीपाशी, माझं कपाटापाशी. त्यामुळे मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हणू शकले नाही. पण भाषणाची मला सवय नाही, हे आधीच कबूल करते.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी दोन शब्द सांगते. आपल्या साईटवर सातारा आणि सांगलीच्या गावागावांतल्या माणसांचे आवाज आहेत. कुणी पिकाविषयी बोललंय, कुणी फौजेतल्या दिवसांविषयी, कुणी मेंढरांच्या आजारांविषयी. प्रत्येक माणसाचं एक पान. पानावर नाव, गाव, फोटो, आणि खाली आवाज. दुपारी ऑफिसात कुणी नसलं की आम्ही नवी रेकॉर्डिंगं तपासायला लावतो. खिडकीबाहेर उसाला तुरे आलेले असतात, वारा नसतो, आणि खोलीत एखादी म्हातारी वीस वर्षांपूर्वीच्या दुष्काळात पाणी कुठून आणलं ते सांगत असते. अशा वेळी आपण नेमके कुठल्या सालात बसलोय, हे मला खरंच कळेनासं होतं. सयाजीरावांना विचारलं तर ते म्हणायचे, "मला बी कळत न्हाई. म्हनून तर घड्याळ समोर लावलंय."

हे सयाजीराव आधी सैन्यात होते, सिग्नलमध्ये. सतरा वर्षं बर्फात आणि वाळवंटात बसून त्यांनी दुसऱ्यांचे निरोप पोचवले. हवालदार म्हणून घरी आले तेव्हा घरच्यांना वाटलं, आता ऊस बघतील. त्यांनी ऊस बघितला, आणि शिवाय इस्लामपूरला कॉम्प्युटरच्या वर्गात नाव घातलं. वर्गातली बाकीची मुलं विशीतली, हे बेचाळीसचे. वहिनी मला एकदा म्हणाल्या की घरातल्या बैलांपेक्षा त्या काळात कीबोर्डला जास्त मार बसला. वहिनी, हे सांगू नका म्हणाला होतात, पण आज सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

इथं आले तेव्हा आपली साईट कुणीतरी पुण्याहून बनवून दिलेली होती. एक पान उघडायला इतका वेळ लागे की माणूस चहा करून येई. सयाजीरावांनी ती साईट एकदम पाडून नवी बांधली नाही. रोज थोडी थोडी सुधारली. आज फोटो हलके केले, उद्या शोधायची खिडकी नीट केली, परवा अजून काही. आपल्याकडं कुणी 'आहे' लिहितो, कुणी 'हाय', कुणी 'हाये'. जुन्या साईटला यातलं एकच कळायचं. सयाजीरावांनी तिला तिन्ही शिकवली. मी मजकूर भरते ते पॅनेलही त्यांनी असंच हळूहळू बदललं, आणि दर बदलाला मी त्यांच्यावर चिडले. काल होतं ते बटण आज कुठं गेलं, असं मी विचारायची. ते शांतपणे खुर्ची वळवून दाखवायचे. चौदा वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही.

असं सगळं गोड चाललं होतं, हेच सांगून मी खाली बसावं, असं काल मला एका सभासदांनी सुचवलं. पण मग सृष्टी आज इथं का आलीये, हे तुम्हाला कसं कळेल? सयाजीरावांना मी विचारलं. ते म्हणाले, "सांगा. सगळं सांगा." म्हणून सांगते.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. साईटवर एकाच माणसाची दोन-दोन पानं झाली होती. दोन कार्यकर्ते एकाच आजोबांकडं जाऊन आले की दोन पानं. ती एकत्र करायला सयाजीरावांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. नाव तेच आणि तालुका तोच, तर पान एकच. तपासून बघितला, बरोबर चालला. चाळीसेक पानं जुळली. आम्ही पेढे नाही वाटले, पण भजी आणली.

जत तालुक्यात मात्र दोन धोंडुबाई होत्या. एक मेंढपाळाच्या घरातल्या, पूर्वेकडच्या वस्तीवरच्या. दुसऱ्या बाजाराच्या गावातल्या. प्रोग्रॅमनं दोघींची एक बाई केली. दोघींची रेकॉर्डिंगं एका पानावर गोळा झाली. आणि दोघींच्या एकेका फाईलला आमच्या कार्यकर्त्यांनी एकच नाव दिलेलं होतं, 'गाणे एक'. एकाच जागी एकाच नावाच्या दोन फाईल राहत नाहीत. दुसरी आली, पहिली पुसली गेली.

आम्हाला याचा पत्ता नव्हता. दीड महिन्यानं माझा फोन वाजला. पलीकडं एक मुलगी. म्हणाली, "मॅडम, आमच्या आव्वाच्या पानावर दुसरीच बाई गातीया."

आव्वा म्हणजे त्यांच्या भागात आजी. ही मुलगी म्हणजे सृष्टी. मी तिला काय सांगितलं असेल? पान बंद करून पुन्हा उघड, म्हटलं. तिनं उघडलं. दुसरीच बाई गात होती. मग तिनं सांगितलं की तिची आजी दोन वर्षांमागं गेली, आणि तिच्या आजोबांना, बिराप्पांना, अलीकडं डोळ्यांनी दिसत नाही. रोज संध्याकाळी सृष्टी त्यांना फोनवर आजीचं गाणं लावून देई. परीक्षेसाठी ती मिरजेला राहिली होती. परत आली, गाणं लावलं, आणि आजोबा म्हणाले, ही आपली नव्हं.

फोन माझ्या कानाला होता आणि सयाजीराव माझ्याकडं बघत होते. मी काही सांगायच्या आत त्यांनी स्क्रीनकडं तोंड फिरवलं. त्यांना माझ्या बोलण्यावरूनच कळलं होतं. बॅकअप काढला, तर आम्ही चार आठवड्यांचाच बॅकअप ठेवत होतो, आणि आता सहावा आठवडा संपला होता. कार्यकर्त्याच्या रेकॉर्डरमधलं कार्ड मागवलं, तर त्यावर नवी रेकॉर्डिंगं घेऊन झाली होती. चार दिवस ते शोधत राहिले. पाचव्या दिवशी सकाळी येऊन म्हणाले, न्हाई.

तेव्हा आमची बैठक झाली. आणि त्या बैठकीत, नानासोंच्या समोर सांगते, मी चुकीचं बोलले. मी म्हटलं की पानावर लिहूया, 'तांत्रिक कारणास्तव हे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही'. सगळीकडं असंच लिहितात. कुणाला लागत नाही, कुणाला दोष जात नाही. बाकीच्यांनाही ते पटलं.

सयाजीराव कधी बैठकीत बोलत नसत. त्या दिवशी म्हणाले, "तांत्रिक कारण म्हंजे कोण, मॅडम? कारणाला नाव असतंय. ह्याला माझं हाय."

आणि त्यांनी पानावर लिहिलं. ते वाक्य आजही तिथं आहे. 'या जागी धोंडुबाईंचं वाटेचं गाणं होतं. ते माझ्या चुकीनं कायमचं पुसलं गेलं. सयाजी थोरात, आष्टा.' खाली स्वतःचा मोबाईल नंबर.

मग म्हणाले, नुसतं लिहून भागायचं नाही, जाऊन सांगितलं पाहिजे. मी बरोबर गेले. मिरज मागं पडली, कवठेमहांकाळ गेलं, ऊस संपला, द्राक्षांचे मांडव संपले, आणि मग बाभळी आणि मोठं आभाळ. मला आठवतंय, माळावर एक कळप चालला होता आणि धुळीमुळे मेंढरांचे पाय दिसत नव्हते. नुसत्या पाठी तरंगत चालल्या होत्या.

बिराप्पा घरासमोर लिंबाच्या सावलीत बाजेवर बसले होते. ऐंशीच्या पुढचे, पांढरं मुंडासं, अंगावर काळं घोंगडं. सृष्टीनं आमची ओळख करून दिली. सयाजीरावांनी आधी मिसळलेली रेकॉर्डिंगं बाहेर काढली. दोघी धोंडुबाईंची मिळून एकोणीस होती, आणि कुठलं कुणाचं ते आमच्या कागदांवरून कळत नव्हतं. ती त्यांनी एकेक करून लावली. बिराप्पा मान खाली घालून ऐकत. पहिला शब्द उमटायच्या आधीच त्यांचं बोट वर व्हायचं किंवा व्हायचं नाही. अकरा वेळा वर झालं. सयाजीरावांनी विचारलं की शब्द ऐकायच्या आधी कसं वळखतासा?

"ती बोलायच्या आदी दम घेती," बिराप्पा म्हणाले. "बारकासा. आयुष्यभर ऐकलाय मी."

आम्ही तिथंच पुन्हा लावून ऐकलं. होता. इतकी वर्षं मी आवाज तपासत आले, आणि शब्दांच्या आधीही काही असतं, हे मला त्या लिंबाखाली कळलं.

मग सयाजीरावांनी गाण्याचं सांगितलं. बाजेवर नाही बसले, उभे राहून सांगितलं. बिराप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे तुमच्याकडं न्हाई?"

"न्हाई."

"कुटंच न्हाई?"

"कुटंच न्हाई. माझ्या हातनं गेलं."

मागं मेंढरांच्या वाड्यात एक करडू ओरडत होतं. मग बिराप्पांनी बाजेवर हात फिरवून जागा केली आणि म्हणाले, "बसा. लांबनं आलासा."

ते गाणं काय होतं, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. धोंडुबाईंनी स्वतःच रचलेलं. दर वर्षी मेंढरं घेऊन हे कुटुंब कृष्णाकाठाकडं उतरायचं, मुक्काम करत करत. गाण्यात एकेक मुक्काम यायचा, तिथलं पाणी कसं होतं, झाड कुठलं होतं, आणि त्या मुक्कामी कोण जन्मलं, कोण गेलं. नऊ मुक्काम, म्हणजे त्या दोघांचा सगळा संसार. बिराप्पा म्हणू लागले. आवाज फुटका, पण चाल धरलेली. पहिला मुक्काम झाला, दुसरा झाला, तिसरा, चौथा. तिथं थांबले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा चौथ्यावर थांबले.

"फुडचं तिलाच यायचं," म्हणाले.

माझ्या पिशवीत रेकॉर्डर होता. मी हात घातला, तर सयाजीरावांनी नुसती मान हलवली. नको. तो आम्ही बाहेर काढला नाही.

परत आल्यावर सयाजीरावांनी कोड पुन्हा हातात घेतला. पाच महिने लागले. आता आपल्या साईटवर माणूस नावानं ओळखला जात नाही. प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणजे उद्या शंभर धोंडुबाई आल्या तरी कुणी कुणात मिसळणार नाही. आणि आता इथं काहीच पुसलं जात नाही. मी एखादा शब्द बदलला तर जुना शब्द खाली तसाच राहतो, कुणी बदलला, कधी बदलला, यासकट. माझ्या चुकीच्या वेलांट्याही त्यामुळे जपल्या गेल्यात, हे मला फारसं आवडलेलं नाही. एखादं पान दुसऱ्यात मिळवायचं असेल तर पॅनेल थांबतं आणि विचारतं, दोन्ही आवाज ऐकलेत का? ऐकल्याशिवाय पुढं जाता येत नाही. सुरुवातीला मी या प्रश्नाला वैतागले. आता पॅनेल विचारायच्या आधीच मी कानाला हेडफोन लावते.

काही वेळा मी त्यांना विचारलं की ते वाक्य पानावरून आता काढायचं का. नानासोंनीही एकदा विचारलं. सयाजीराव काढा म्हणाले नाहीत, ठेवा म्हणाले नाहीत, त्यांनी फक्त वाक्य तिथंच राहू दिलं. आणि त्या नंबरवर फोन येऊ लागले. रागावणारे थोडे. बाकीचे म्हणायचे, आमच्याकडं आमच्या आत्तीचा आवाज आहे, तो तुमच्याकडं ठेवा. चूक केलेल्या माणसाकडं लोक स्वतःचे आवाज का देत होते? कदाचित हरवलं तर हा माणूस आपल्याला सांगेल, एवढी खात्री त्यांना पुरत असावी.

तीन वर्षं अशी गेली. मग शिरवळहून एक फोन आला. तिथल्या कारखान्यात कामाला असलेले मल्हार, हे काय इथं बसलेत. बिराप्पांच्या भावकीतले. जेवणाच्या सुट्टीत गावाकडचे आवाज ऐकताना त्यांना ते वाक्य दिसलं. त्यांनी घरी जाऊन जुना, काच फुटलेला फोन चार्जिंगला लावला. त्यात त्यांच्या बहिणीच्या हळदीचं एक चित्रण होतं. चित्रात नुसता मांडव आणि पाठमोऱ्या बाया. आणि त्या गलबल्यात धोंडुबाई गात होत्या. एक मिनिट आणि दहा सेकंद. सुरुवात सहाव्या मुक्कामापासून, आणि नववा पुरा व्हायच्या आत चित्रण संपतं.

सयाजीरावांनी तो आवाज जरा उजळ केला, पण गोंगाट पूर्ण काढला नाही. मी म्हटलं, भांड्यांचा आवाज तरी काढा, मधेच केवढं मोठ्यानं काहीतरी पडतंय. ते म्हणाले, राहू द्या, आपल्याला काय म्हाईत त्यात काय हाय.

आम्ही पुन्हा जतला गेलो. तेच लिंबाचं झाड, तीच बाज. सयाजीरावांनी फोन बिराप्पांच्या कानाशी धरला. तो बारीक दम ऐकू आला, आणि मग सहावा मुक्काम. बिराप्पांचा चेहरा मी बघत होते. ते रडले नाहीत. त्यांचे ओठ तिच्या शब्दांबरोबर हलत होते, किंचित मागून. मधे ते भांडं पडलं. बिराप्पा एकदम हसले.

"त्यो तांब्या माझ्या हातनं पडला," म्हणाले. "ती गायला लागली नि मी बघत ऱ्हायलो."

सयाजीराव तोंड फिरवून झाडाकडं बघत उभे राहिले. चौदा वर्षांत एवढ्या एकाच वेळी मी त्यांचे डोळे भरलेले पाहिले. सयाजीराव, रागावू नका. सगळं सांगा, असं तुम्हीच म्हणाला होतात.

त्या दिवशी बिराप्पा स्वतःहून म्हणाले की आता यंत्र काढा, माझं बी घ्या. आज धोंडुबाईंच्या पानावर पहिले चार मुक्काम बिराप्पांच्या आवाजात आहेत. सहाव्यापासून त्या स्वतः आहेत. पाचवा मुक्काम रिकामा आहे. तिथं आम्ही काही भरलेलं नाही. बिराप्पांना आता प्रवास झेपत नाही, म्हणून ते आले नाहीत. सृष्टीनं मघाशी मला सांगितलं, ते रोज संध्याकाळी ऐकतात, आणि आपला आवाज लागला की लाजतात.

आता सयाजीराव घरी चाललेत. कृष्णेकाठी त्यांचा ऊस आहे, वहिनींनी लावलेली पेरूची झाडं आहेत. पुढं काय करणार, असं विचारलं तर म्हणाले, ऐकीन. रेश्मा, ते तुला चावी, पासवर्ड आणि भरपूर कोड देऊन गेलेत. त्यात चुका असतील, आणि त्या कुठं आहेत तेही त्यांनी वहीत लिहून ठेवलंय. तू त्यात तुझ्या घाल, फक्त खाली नाव लिही.

एकच सांगते आणि थांबते. गेल्या सोमवारी त्यांनी आपल्या साईटवर शेवटचा बदल केला. इतका बारीक की तुमच्या कुणाच्या लक्षात आला नसेल. पूर्वी एक आवाज संपला की लगेच पुढचा सुरू व्हायचा. आता मधे चार सेकंद काहीच वाजत नाही. मी त्यांना म्हटलं, लोकांना वाटेल साईट बंद पडली. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वाटू द्या. माणूस बोलून गेल्यावर जरा बसाय लागतं."

नानासो, आपण मला बोलण्याची संधी दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. वहिनी, इतकी वर्षं तुमच्या घरातला माणूस आम्हाला उसना दिलात, तुमचे ऋण मोठे आहेत. सृष्टी, मल्हार, तुम्ही दोघं आलात, सभागृह भरल्यासारखं वाटलं. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला शब्द टोचला असेल, तर तो दोष माझा, राजेश्वरीचा, आणि तो आपण पोटात घालावा.

आता मी खाली बसते. टाळ्या वाजवायची घाई करू नका.